मांजर हाकलू नका, आधी कडबा झाका

मी शेळ्या-मेंढ्यांची डॉक्टर. मांजरं माझ्याकडं फारशी येत नाहीत, तरी मांजराबद्दलचे फोन मात्र भरपूर येतात आणि बहुतेक एकाच छापाचे. घरात सून गरोदर आहे किंवा लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, डॉक्टरांनी टॉर्च टेस्ट, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी, लिहून दिली, त्यात टॉक्सोप्लाझ्मा असं काहीतरी आलं, कुणीतरी सांगितलं हे मांजरामुळं होतं, तर आता मांजर लांब कुठंतरी सोडून येऊ का? आणि दुसरीकडं ज्या शेडमध्ये एकीपाठोपाठ एक शेळ्या गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भपात होतो, तिथं कडब्याच्या गंजीत मांजरीनं पिलं घातलेली असतात आणि तिच्याकडं कुणाचं लक्षसुद्धा जात नाही. जिथं भीतीचं कारण कमी तिथं घबराट, आणि जिथं खरंच बघायला पाहिजे तिथं कुणी बघत नाही. मला हे फार खुपतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय, जरा लांबेल.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. चंद्रकोरीच्या आकाराचा आणि लांबीला साधारण आपल्या तांबड्या रक्तपेशीएवढा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. १९०८ मध्ये ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना तो गुंडी नावाच्या तिकडच्या एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोर यांना सशात. जीव सापडला खरा, पण तो पसरतो कसा हे कळायला पुढं जवळजवळ साठ वर्षं गेली, आणि ही साठ वर्षांची शोधाशोध मला फार आवडते.

आधी सगळ्यांना वाटायचं की कच्चं मांस खाल्लं की होतो. ते चूक नव्हतं, कारण मांसात त्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट असतात. पण मग शाकाहारी माणसांचं काय? आणि आपल्या मुंबईतच १९५९ मध्ये रावल यांनी शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही लोकांचं रक्त तपासलं तर दोन्हीकडं संसर्ग झालेली माणसं सापडली, फार फरक नाही. जन्मात मटण न शिवलेल्या माणसाच्या रक्तात याच्या अँटिबॉडी कुठून आल्या? आणि मेंढी तर गवत खाते, तिला कसा होतो? कारण न्यूझीलंडमध्ये तोवर मेंढ्यांच्या गर्भपाताचं हे एक मोठं कारण आहे हे उघड झालेलं होतं.

मग १९६५ मध्ये ग्लासगोच्या विल्यम हचिसन यांनी मांजराची विष्ठा पाण्यात साठवून ठेवली, वर्षभरानंतर उंदरांना खायला दिली आणि उंदरांना टॉक्सोप्लाझ्मा झाला. एवढा नाजूक जीव बाहेर वर्षभर जगला कसा? त्यांना वाटलं मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यात लपून जात असेल, कारण कोंबड्या-टर्कीतल्या एका रोगाचा जीव अगदी असाच जंताच्या अंड्यात बसून प्रवास करतो, म्हणजे अंदाज काही वेडगळ नव्हता. पण जंत अजिबात नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही संसर्ग होतोय असं दिसलं आणि तो अंदाज कोसळला. शेवटी १९६९-७० च्या सुमारास वेगवेगळ्या टीमना मांजराच्या विष्ठेत या जीवाचं स्वतःचंच कवच असलेलं रूप सापडलं, त्याला ऊसिस्ट म्हणतात. त्या कामात जे. पी. दुबे हे नाव अगदी पुढं आहे, इंदूरजवळच्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेला माणूस, पुढं आयुष्यभर अमेरिकेत याच एका जीवावर काम केलं. आज टॉक्सोप्लाझ्मावर काहीही वाचायला घ्या, दुबेंचं नाव आल्याशिवाय राहत नाही. आपल्या व्हेटर्नरीच्या पोरांना हे कुणी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

आता लाइफ सायकल. हा जीव कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, शेळी, डुक्कर, कोंबडी, उंदीर, माणूस, समुद्रातले ऑटरसुद्धा. पण नर-मादी होऊन पुढची पिढी तयार करायचं काम तो फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्याच्या आतड्यात करतो. घरचं मांजर, रानमांजर, बिबट्या, सगळं एकच कूळ. का फक्त तिथंच? याचं उत्तर अगदी अलीकडं, २०१९ मध्ये मिळालं. मांजरांच्या आतड्यात एक एन्झाइम काम करत नाही, त्यामुळं त्यांच्या अंगात लिनोलेइक आम्ल साठून राहतं, हो तेच जे आपल्या करडईच्या तेलात भरपूर असतं, आणि या जीवाला तेच साठलेलं आम्ल म्हणजे इथं पुढची पिढी काढायची अशी खूण असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी उंदरात तेच एन्झाइम औषधानं बंद केलं, वर लिनोलेइक आम्ल खायला घातलं, आणि उंदराच्या विष्ठेत ऊसिस्ट आले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन-तीन वेळा परत वाचलं, इतकं सुंदर काम आहे.

तर मांजराचं पिलू साधारण शिकार करायला लागतं किंवा आई त्याला उंदीर आणून देते तेव्हा त्याला पहिला संसर्ग होतो. उंदराच्या मांसातल्या सिस्ट पोटात गेल्या की तीन ते दहा दिवसांत विष्ठेतून ऊसिस्ट पडायला लागतात, आणि हे चालतं साधारण एक ते दोन आठवडे, पण तेवढ्यात लाखो, कधी कोटींच्या घरात ऊसिस्ट बाहेर पडतात. त्यानंतर मांजराच्या अंगात प्रतिकारशक्ती येते आणि बहुतेक मांजरं आयुष्यात परत ऊसिस्ट टाकत नाहीत, टाकले तरी क्वचित आणि कमी. एवढ्यात पिलू आजारी दिसतं का, तर बहुतेक वेळा अजिबात नाही, खेळतंय, दूध पितंय. फार लहान पिलं किंवा आधीच एखाद्या व्हायरसनं खंगलेलं मांजर असेल तर फुफ्फुस, लिव्हर, डोळे यांना त्रास होतो, जीवही जातो, मांजराच्या डॉक्टरांकडं त्यावर औषध आहे. पण ते कमी.

आणि एक अगदी महत्त्वाचं, जे लोकांना माहीतच नसतं. ताजी विष्ठा लगेच रोग देत नाही. बाहेर पडलेला ऊसिस्ट आधी कच्चा असतो, हवा, ओल आणि ऊब मिळाली की एक ते पाच दिवसांत पिकतो, त्याच्या आत आठ लहान जीव तयार होतात, आणि मगच तो दुसऱ्याला लागू शकतो. एकदा पिकला की ओलसर सावलीच्या मातीत वर्ष-दीड वर्षसुद्धा टिकतो, पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. मरतो कशानं, तर चांगल्या उष्णतेनं आणि कोरडं पडल्यानं. म्हणजे मराठवाड्यातल्या मे महिन्यातल्या उघड्या रानात त्याचं अवघड आहे, पण शेडच्या पाठीमागं जिथं ऊन लागत नाही आणि पाण्याची टाकी गळते तिथं तो आरामात राहतो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

आता शेळीकडं या, कारण माझा जीव तिथं अडकलाय.

मांजराला उकरून घाण झाकायला मऊ, भुसभुशीत, कोरडी जागा लागते. शेतावर अशी जागा कुठली? भुसा, कुट्टी, भरडा, सोयाबीनचं गुळी, उघडं पडलेलं पेंडीचं पोतं. तिथं उंदीरही असतात म्हणून मांजरही तिथंच असतं, आणि मांजरीला विण्यासाठीही तीच जागा आवडते. म्हणजे ज्या वयात पिलं ऊसिस्ट टाकतात त्या वयात ती नेमकी आपल्या चाऱ्याच्या कोठारात असतात. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत काहीशे ऊसिस्ट पोटात गेले तरी संसर्ग झालेला आहे, आणि एक पिलू टाकतं लाखोंनी, हिशोब तुम्हीच करा. बंदिस्त शेळीपालन म्हणजे स्वच्छ, बाहेर चरायला जात नाहीत म्हणजे रोग नाही असं खूप जणांना वाटतं, पण सगळ्या शेळ्या एकाच कोठारातला चारा खात असतील तर त्या कोठारातली घाण सगळ्यांच्या गव्हाणीत जाते, अगदी घरच्यासारखी वाटून.

शेळीच्या पोटात गेल्यावर हा जीव आतड्यातून रक्तात येतो, भराभर वाढतो, शेळीला दोन-चार दिवस ताप येतो, चारा कमी खाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. शेळी गाभण नसेल तर गोष्ट इथंच मिटते, जीव तिच्या मांसात, मेंदूत सिस्ट करून गप्प बसतो आणि तिला प्रतिकारशक्ती येते. गाभण असेल आणि हा तिचा पहिलाच संसर्ग असेल तर तो जारेत, म्हणजे वारेत, जातो आणि तिथून पिलात. मग काय होईल ते किती महिन्यांची गाभण आहे यावर. शेळीचे दिवस पाच महिन्यांचे. पहिल्या दोनेक महिन्यांत लागण झाली तर गर्भ आतल्या आत विरघळून जातो, मालक म्हणतो बोकड लागला होता पण शेळी उलटली, दोष बोकडाला मिळतो. मधल्या काळात झाली तर गाभडते, किंवा मेलेलं, वाळून काळपट चॉकलेटी झालेलं पिलू पडतं, आणि कधी कधी त्याच वेतात एक वाळलेलं, एक अशक्त आणि एक बऱ्यापैकी ठणठणीत असं तिळं येतं. उस्मानाबादी शेळी जुळी-तिळी देते म्हणून आपल्याला हे जास्त दिसतं. शेवटच्या महिन्यात झाली तर करडू बहुतेकदा जिवंत येतं आणि त्याला स्वतःची प्रतिकारशक्तीही असते. गाई-म्हशींना मात्र यानं सहसा काही होत नाही, म्हणून एकाच गोठ्यात म्हैस मजेत आणि शेळ्या गाभडतायत असं चित्र दिसू शकतं.

जार बघा, अशी माझी कायमची विनवणी असते. जारेवर जी गोल गोल बोंडं असतात ना, जिथं ती पिशवीला चिकटलेली असते, ती टॉक्सोप्लाझ्मात गडद लाल दिसतात आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके असतात, आणि बोंडांच्या मधला पडदा मात्र नेहमीसारखाच असतो. दुसऱ्या काही रोगांत तो मधला पडदाही जाड, चामड्यासारखा होतो. नुसतं बघून शिक्का मारता येत नाही, पण दिशा कळते. आणि आपण काय करतो, तर ती जार आणि पडलेलं करडू उचलून उकिरड्यावर टाकतो. तिथं मांजराची पिलं ते खातात, त्यांना त्यातून संसर्ग होतो, दोन आठवड्यांत ती पिलं आपल्याच भुशात घाण करतात. चक्र आपणच पूर्ण करून देतो. खोल खड्डा, चुना, वर माती, एवढं जरी केलं तरी मोठं काम होतं.

दुसरी गोष्ट, गाभडलेली शेळी लगेच बाजारात न्यायची घाई. टॉक्सोप्लाझ्मामुळं गाभडली असेल तर ती शेळी आता बहुतेक सुरक्षित आहे, पुढच्या वेताला सहसा गाभडत नाही, उलट तिच्या जागी विकत आणलेली नवी पाठ, म्हणजे तरणी शेळी, जिला कधी लागणच झालेली नाही, ती धोक्यात. पण हेच जर ब्रुसेला या जिवाणूमुळं असेल तर गोष्ट अगदी उलटी, ती शेळी कळपात ठेवणं म्हणजे बाकीच्यांना आणि घरच्या माणसांनाही धोका. पीपीआर हा व्हायरसचा रोग, क्लॅमिडिया हा जिवाणू, ही कारणंही आहेतच. म्हणजे ठेवायची की काढायची हा निर्णय तपासणीशिवाय घेताच येत नाही. अंदाजानं एक-दोन इंजेक्शनं मारून पुढं जाणारे लोक बघितले की मला राग येतो, कारण त्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न त्या करडांवर असतं.

मेंढ्यांसाठी लस आहे, एस-४८ नावाच्या जिवंत पण कमजोर केलेल्या जातीची. न्यूझीलंडमध्ये एका गाभडलेल्या कोकरातून काढलेला जीव उंदरांमधून हजारो वेळा पुढं पुढं नेला, तो नेता नेता सिस्ट आणि ऊसिस्ट करायचंच विसरला, आणि त्याची लस झाली. तिकडं मेंढी नरावर जायच्या काही आठवडे आधी देतात. गाभण जनावराला द्यायची नाही आणि गरोदर बाईनं तिला हात लावायचा नाही. आपल्याकडं मात्र भरवसा चारा स्वच्छ राखण्यावरच ठेवावा लागतो.

मग शेतावरची मांजरं हाकलायची का? नाही. अजिबात नाही. तुम्ही जुनी मांजरं हाकललीत की उंदीर वाढतात आणि महिन्याभरात नवी मांजर येते, तीही बहुतेक तरणी, आणि तिथंच विते. त्यापेक्षा दोन-तीन मोठी, जाणती मांजरं ठेवा आणि त्यांचं पिलं न होण्याचं ऑपरेशन करून घ्या. मोठ्या मांजराचे ऊसिस्ट टाकायचे दिवस बहुतेक होऊन गेलेले असतात, ते उंदीर धरतं आणि परक्या मांजराला फिरकू देत नाही. खरा धोका दरवर्षी नव्यानं जन्मणाऱ्या पिलांचा आहे, ती जन्मालाच आली नाहीत तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे भुसा-पेंडीची खोली बंद ठेवणं, दाराखालची फट बुजवणं, खिडकीला जाळी मारणं, पोती झाकणाच्या ड्रममध्ये ओतणं, गंजीवर ताडपत्री. खर्च होतो, मान्य, पण चार करडांच्या किमतीपेक्षा कमी होतो. आणि ज्या ढिगात मांजराची घाण दिसली तो वरचा थर निदान गाभण शेळ्यांना तरी घालू नका.

आता घरातल्या मांजराचा विषय, ज्याच्यासाठी फोन येतात. पाळलेल्या मांजराला कुरवाळल्यानं, ते मांडीवर बसल्यानं हा रोग होण्याची शक्यता फारच कमी, कारण मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं आणि ताजी घाण लागण देत नाही हे वर सांगितलंच. कुठल्याही एका वेळी बघितलं तर शंभरातल्या एखाद्या मांजराच्या विष्ठेतच ऊसिस्ट सापडतात. मांजराच्या घाणीचा ट्रे रोज साफ केला, आणि तो गरोदर बाईनं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणी, तर ऊसिस्टना पिकायला वेळच मिळत नाही. मांजराला कच्चं मटण घालू नका, उंदीर धरायला बाहेर सोडू नका. मांजराची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून रडत फोन करणाऱ्या ताईंना मी सांगते की याचा अर्थ बहुतेक तुमच्या मांजराचं सगळं आधीच होऊन गेलंय, खरं तर बरंच आहे.

माणसाला हे जास्त करून येतं अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, मातीच्या हातांनी खाल्ल्यानं आणि पाण्यातून. तमिळनाडूत कोइमतूरला २००४-०५ मध्ये डोळ्याच्या टॉक्सोप्लाझ्माची मोठी साथ आली होती, तिथं संशय पिण्याच्या पाण्यावर गेला होता, म्हणजे त्यातल्या कितीतरी जणांनी मांजर पाळलंही नसेल. धडधाकट माणसाला बहुतेकदा काही कळतसुद्धा नाही, थोडा ताप, मानेत गाठी, संपलं. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते, आणि एचआयव्ही किंवा इतर कारणानं प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात मेंदूतल्या जुन्या सिस्ट उठू शकतात. म्हणून रिपोर्ट आला की आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह (या दोन प्रकारच्या अँटिबॉडी) हे बहुधा जुन्या लागणीचं लक्षण आहे हे तुमच्या स्त्रीरोग डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, लागण किती जुनी हे सांगणारी अॅव्हिडिटी टेस्ट पुढं लागेल का ते विचारा, औषधं आहेत. मटण चांगलं आतपर्यंत शिजवा, कच्चं मटण चिरल्यावर पाट-सुरी-हात साबणानं धुवा, कोथिंबीर-मुळा-गाजर नीट धुवा. शेळीचं दूध कच्चं पिऊ नका, उकळूनच प्या, त्यातूनही हा जीव गेल्याच्या नोंदी आहेत, आणि शेळीचं धारोष्ण दूध बाळाला चांगलं म्हणून पाजणाऱ्या आज्ज्या अजून आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

मी स्वतः गरोदर असताना मांजर घरातच होतं. पण गाभडलेली शेळी, अडलेलं वेत, जार काढणं हे सगळं मी त्या काळात पूर्ण बंद केलं होतं आणि सहकाऱ्यांनी कुरकुर न करता सांभाळून घेतलं. खेड्यात हे काम घरातल्या बायकाच करतात, रात्री-अपरात्री, उघड्या हातांनी, आणि त्यातली एखादी गरोदर असते. तिला त्यापासून लांब ठेवा, मांजरापेक्षा हे किती तरी जास्त महत्त्वाचं आहे. बाकीच्यांनीही हातमोजे घाला.

आणि नमुना कसा द्यायचा ते सांगून थांबते, कारण चांगला नमुना आला नाही तर लॅबवालेही काही करू शकत नाहीत. पडलेलं करडू आख्खं आणि जार बोंडांसकट, जितकी ताजी मिळेल तितकी, दोन जाड पिशव्यांत एकात एक घालून बर्फाच्या डब्यात ठेवा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठवलं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसत नाहीत. जुळं-तिळं असेल तर सगळीच द्या, वाळलेलंसुद्धा. सोबत त्या शेळीचं रक्त. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, ते पुण्यात औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडं किंवा जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजकडं पाठवू शकतात. नुसत्या शेळीच्या रक्तावर टॉक्सोप्लाझ्मा ठरवू देऊ नका, रक्तातून फक्त कधीतरी लागण झाली होती एवढंच कळतं, पिलाच्या मेंदूत किंवा जारेत जीव सापडला तर खरा पुरावा. ब्रुसेलाची टेस्टही त्याच वेळी मागून घ्या. आणि सोबत एका कागदावर लिहा: शेळी किती महिन्यांची गाभण होती, कळपात आणखी किती गाभडल्या आणि कोणत्या तारखांना, नवी जनावरं कधी आणली, चारा कुठं साठवता, आणि तिथं मांजरीची पिलं आहेत का.